फॉरमॅट मारू नका

"ताई, फॉरमॅट मारून बघा."

फोनवर दुकानदाराचं हे पहिलं वाक्य. दुसरं, "तुम्ही घरी जोडलंत ना, मग आम्ही काय सांगणार?" तिसरं वाक्य नव्हतंच. गिऱ्हाईक समोर उभं असल्याचं सांगून त्याने फोन ठेवला.

मशीन माझ्या भाच्याचं. पोरगा डोंबिवलीत राहतो, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लागत नाही, जुन्या लॅपटॉपवर एक रेंडर रात्रभर रांगतं. म्हणून बहिणीने भिशीचे पैसे घातले आणि लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आले. प्रोसेसर, मदरबोर्ड, सोळा-सोळा जीबीच्या दोन रॅम, ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस, कॅबिनेट. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून पोराने एका रविवारी सगळं स्वतः जोडलं. मी नंतर कॅबिनेट उघडून पाहिलं. एक स्क्रू कमी नव्हता, एक वायर लोंबत नव्हती. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढायला भलेभले विसरतात. यानं ती आठवणीने काढलेली होती.

आणि हे मशीन रोज दोनदा-तीनदा धाडकन बंद पडत होतं.

दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याने एकदा फॉरमॅट मारलंही होतं. दीड दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. तेव्हा त्याने मला फोन केला. "मावशी, काही ताळतंत्रच नाहीये गं. रेंडरला बंद पडतं, गाणं ऐकताना बंद पडतं, काल तर मी जेवायला उठलो होतो, नुसतं चालू होतं, तरी बंद पडलं."

मी विचारलं, "कुठे लिहून ठेवलंयस का?"

नव्हतं ठेवलं. कुणीच ठेवत नाही.

'फॉरमॅट मारा' या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे, आणि तो दुकानदाराच्या आळसापुरता नाही. या सल्ल्याने पुरावा जातो. विंडोज कोसळते तेव्हा ती मरता मरता एक छोटी फाइल लिहून ठेवते. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये 'मिनीडंप' नावाच्या फोल्डरात ती जाते. कोणत्या क्षणी काय चाललं होतं, कुठे ठेच लागली, हे त्यात असतं. शिवाय इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिनिटा-मिनिटाची नोंद असते. फॉरमॅट मारलं की हे सगळं साफ. पंचनाम्याआधी जागा धुऊन काढावी, तसं. भाच्याच्या मशीनमधले पहिल्या आठवड्याचे सगळे डंप असे धुतले गेले होते.

दुसरं नुकसान याहून वाईट आहे. दोष रॅममध्ये असेल, तर नवी विंडोज त्याच सदोष रॅममधून डिस्कवर उतरते. म्हणजे इलाज म्हणून जे घातलं, तेच जाताना बिघडून बसण्याची शक्यता. मग खरा दोष सापडून दूर झाला तरी ती बिघडलेली विंडोज त्रास देत राहते, आणि माणूस म्हणतो, बघा, रॅम बदलूनही काही झालं नाही.

दोनशे पानी वही काढली. रकाने आखले. तारीख, वेळ, काय चालू होतं, पडद्यावर काय आलं, त्याआधी आपण काय बदललं. 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढून टाकली, म्हणजे निळा पडदा आल्यावर मशीन घाईघाईने स्वतःच पुन्हा सुरू होत नाही, मजकूर वाचेपर्यंत थांबतं. एवढ्या दोन गोष्टी केल्या आणि चार दिवस कशालाही हात लावायचा नाही असं बजावलं. पोराच्या हाताला चळ होता. कुणी सांगितलं म्हणून ड्रायव्हर बदल, कुणी सांगितलं म्हणून बायोस अपडेट कर, एका संध्याकाळी चार बदल. चार बदल एकदम केले आणि मशीन सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कळत नाही.

चार दिवसांत आठ नोंदी झाल्या. पाच वेळा निळा पडदा आणि पाचही वेळा नाव वेगळं. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', आणि आणखी दोन. दोनदा ब्राउझरचा टॅब आपोआप कोलमडला. आठवी नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटली. फरशा-भिंतींच्या टेक्श्चर्सची पाच जीबीची झिप फाइल उघडताना 'फाइल खराब आहे' असा निरोप आला, आणि तीच फाइल, पुन्हा डाउनलोड न करता, दहा मिनिटांनी सुरळीत उघडली.

डिस्कवरची फाइल तीच. मग एकदा खराब आणि एकदा चांगली कशी? ती वाचल्यावर जिथे ठेवली गेली, ती जागा खराब असली तर असं होतं.

दोष ड्रायव्हरचा असता तर बहुतेक वेळा तोच ड्रायव्हर, तेच नाव पुन्हा पुन्हा पकडलं गेलं असतं. इथे रोज वेगळा आरोपी हजर होत होता. धर्मशाळेतल्या एका खोलीचं छप्पर गळत असलं की रोज वेगळा पाहुणा भिजतो. पाहुण्याला बोलून उपयोग नाही. सोळा जीबीच्या एका स्टिकमध्ये सुमारे १३,७४४ कोटी बिट असतात. त्यातल्या प्रत्येकासाठी एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यातला विद्युतभार गळून जाऊ नये म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. यातले दोन-चार जरी दुबळे निघाले तरी पुरे. विंडोज त्या जागेवर आज गाणं ठेवेल, उद्या रेंडरचा तुकडा, परवा स्वतःच्या गाभ्यातला हिशेब. गाण्याचा बिट उलटला तर कुणाला कळणारही नाही. गाभ्यातला उलटला की निळा पडदा. आपण याला 'कधीही, कसंही' म्हणतो, कारण त्या क्षणी तिथे कोण उतरलं होतं ते आपल्याला दिसत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर उघडल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते 'कर्नल-पॉवर ४१'. लाल खूण, 'क्रिटिकल' असा शब्द, आणि नावात 'पॉवर'. ते वाचून किती लोकांनी चांगले एसएमपीएस बदलले असतील! या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ते तर आपल्याला माहीतच आहे. त्यापेक्षा 'व्हिया-लॉगर' या नावाच्या नोंदी शोधा. तिथे हार्डवेअर स्वतः तक्रार करत असतं.

एसएमपीएस निर्दोषच असतो असं नाही. निळा पडदा न येता दिवा फुंकल्यासारखं मशीन विझलं, तेही ग्राफिक्स कार्डावर भार आल्यावर, तर संशय तिकडेच घ्यावा. आपल्या घरांत त्याच्याही आधी भिंतीकडे बघावं लागतं. डोंबिवलीतल्या त्या जुन्या इमारतीत तीन भोकांचा सॉकेट आहे, पण तिसऱ्या भोकाला अर्थिंगची तार पोचलेलीच नव्हती. कॅबिनेटला हाताची मागची बाजू लावली की झिणझिण्या. बहीण म्हणाली, "नवीन मशीनला येतो थोडा करंट." अजिबात येता कामा नये. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातून अगदी थोडा प्रवाह कॅबिनेटकडे जातो आणि अर्थिंगमधून जमिनीत उतरतो. अर्थिंगच नसेल तर तो आपल्या बोटांची वाट पाहत बसतो. वायरमन बोलावून ते त्याच दिवशी करून घेतलं. बंद पडणं त्याने थांबलं नाही, पण ते काम त्यासाठी नव्हतंच. घरात माणसं राहतात.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. त्यावर मोठं ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि वर राउटर टांगला तर वीज गेल्यावर तो मान टाकणारच. त्यात दोष कॉम्प्युटरचा नाही.

तर रॅम. मेमटेस्ट८६प्लस हा प्रोग्रॅम फुकट आहे, पेनड्राइव्हवर मावतो, आणि त्याची मोठी गोष्ट ही की तो विंडोजमध्ये चालतच नाही. मशीन थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतं आणि रॅमच्या प्रत्येक जागेवर ठरलेले आकडे लिहून परत वाचतं. विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, अँटिव्हायरस नाही. इथे चूक निघाली तर 'फॉरमॅट मारा' म्हणायला जागाच उरत नाही. विंडोजमध्येही रॅम तपासायची सोय आहे, पण ती फार लवकर समाधानी होते. तिने पास केलं म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि मेमटेस्टही पंधरा मिनिटं चालवून बंद करू नका. रॅम तापल्यावर जे दिसतं ते गारठ्यात दिसत नाही. रात्रभर चालू द्या.

पहिल्या रात्री दोन्ही स्टिक जागच्या जागी ठेवून चाचणी लावली. पोरगा झोपला, मी पडद्यासमोर बसले. एक वाजून चाळीस मिनिटांनी एररच्या रकान्यात शून्याच्या जागी २ आला. सकाळी सातला ११ होते.

या चाचणीत एक चूकही चालत नाही. 'अकराच तर आहेत, कोट्यवधींत अकरा' असं पोराचे बाबा म्हणाले. बँकेच्या खात्यात अकराच आकडे चुकले तर चालतील का, मी विचारलं.

दुसऱ्या रात्री बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद केलं. हे जरा उलगडून सांगते, कारण घरी जोडलेल्या मशीनचे निम्मे वांधे इथे असतात. रॅमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ३६०० छापलेलं होतं. मशीनमध्ये बसवल्यावर मात्र ती आपोआप त्या वेगाने धावत नाही. सुरुवातीला संथ, सर्वमान्य वेगानेच चालते. खोक्यावरचा वेग हवा तर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं, म्हणजे वेग वाढतो आणि रॅमला १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट मिळू लागतात. प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या हिशेबात हे ओव्हरक्लॉकिंग आहे. भाच्याच्या प्रोसेसरची कंपनी ३२०० पर्यंतचीच जबाबदारी घेते. रॅमवाल्याचा आकडा एक, प्रोसेसरवाल्याचा दुसरा, आणि मध्ये गिऱ्हाईक. ही गोष्ट खोक्यावर त्याच ठळक अक्षरांत छापली पाहिजे. आज ती कुठेतरी बारीक टाइपात असते, किंवा नसतेच.

एक्सएमपी बंद करून रात्रभर चाचणी केली. शून्य चुका.

इथे थांबण्याचा मोह सगळ्यांना होतो. मशीन चालायला लागलं, विषय संपला. पण मग दोष कुणाचा? प्रोसेसरला तो वेग झेपत नाही, की बोर्डाचा स्लॉट खराब, की स्टिक खराब? पैसे ३६०० चे मोजले होते, तेही भिशीचे. मी थांबायला तयार नव्हते.

दोन्ही स्टिक दिसायला जुळ्या. ओळखता याव्यात म्हणून बहिणीच्या पाकिटातली लाल टिकली काढून एकीच्या लेबलवर लावली. एक्सएमपी पुन्हा चालू. मग एका वेळी एकच स्टिक, एका वेळी एकच स्लॉट. प्रोसेसरकडून मोजत गेलं तर दुसरा आणि चौथा, कारण दोन स्टिक असल्या की बहुतेक बोर्डांत याच जागा सांगितलेल्या असतात. स्टिक बसवताना दोन्ही टोकांना अंगठे ठेवून दाबायचं, 'कट्' असा आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेली स्टिक हेही नव्या मशीनच्या दुखण्यांचं एक नेहमीचं कारण.

चार रात्री लागल्या. टिकलीवाली दुसऱ्या स्लॉटमध्ये, चुका. टिकलीवाली चौथ्यात, चुका. बिनटिकलीची दुसऱ्यात, शून्य. चौथ्यातही शून्य.

तोच प्रोसेसर, तोच बोर्ड, तेच स्लॉट, तोच वेग. एक स्टिक स्वच्छ धावते आणि दुसरी ठेचकाळते. आता यात वाद घालण्यासारखं काय उरलं?

दुकानदाराने वाद घातला. "मग एक्सएमपी बंद ठेवा ना ताई, काय फरक पडतो?" फरक पैशांचा पडतो. कमी वेगाची रॅम त्याच्याच फळीवर कमी किमतीला ठेवलेली होती. जी ३६०० वर चालत नाही ती ३६०० म्हणून विकायची नसते.

अशा कोसळण्याला गूढ मानणाऱ्यांना मी दोन अभ्यास सांगते. २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त रॅम स्टिकमध्ये चुका आढळल्या. त्या कळल्या, कारण सर्व्हरच्या रॅममध्ये चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी नावाची सोय असते. आपल्या घरच्या मशीनमध्ये सहसा ती नसते, म्हणून चूक घडते आणि कुणाला पत्ता लागत नाही. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख ग्राहकांच्या पीसींवर काम केलं. हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, असं त्यात दिसलं. म्हणजे 'एकदाच झालं, जाऊ दे' हा विचार सोडून द्यावा.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याही मशीनवर ऑक्टोबर २०२२ मध्ये हेच ओढवलं. अडीच वर्षं ठणठणीत चाललेलं मशीन अचानक काहीबाही चुका दाखवू लागलं. त्यांना आधी संशय आला तो नव्या कर्नलचा. जुना कर्नल चालवून पाहिला, रात्रभर मेमटेस्ट लावला, आणि निघाली एक बिघडलेली स्टिक. ज्याने ती सिस्टीम लिहिली त्यालाही रात्रभराची चाचणी चुकली नाही. आणि आपल्याला फोनवर अर्ध्या मिनिटात निदान मिळतं.

पडद्यावरचा निरोप खरा असेलच असंही नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर गेम कोसळायचे आणि निरोप यायचा की ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली, पुन्हा पुन्हा विंडोज टाकली. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. तोवर ज्यांना 'तुमच्याच जोडणीत खोट आहे' असं ऐकवलं गेलं, त्यांच्या मनस्तापाचं काय? ती माणसं बरोबर होती. त्यांच्या हातात फक्त वही नव्हती.

आमच्या हातात होती. रॅमच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बिल, दोन्ही स्टिकचे सिरियल नंबर, आणि चार रात्रींच्या पडद्यांचे चार फोटो पाठवले. तिथल्या मुलीने दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके, आणि जोडी बदलून द्यायचं कबूल केलं. जोडीच परत द्यावी लागते, एकटी स्टिक नव्हे, कारण त्या जोडीने तपासून विकलेल्या असतात. बिलावर सिरियल नंबर नसता तर हे इतकं सरळ झालं नसतं. सुटे भाग घेताना दुकानात उभं राहून प्रत्येक भागाचा नंबर बिलावर लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तरी घ्या.

आणि कंपनीनेही नकार दिला असता तर मी १९१५ फिरवला असता, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. रॅमच्या दोन स्टिकसाठी कोण जाणार, असं विचारतात. मी गेले असते. त्या पोराची दोन सबमिशनं बुडाली होती. त्याहून जास्त मला डाचत होतं ते हे, की दोन आठवडे तो स्वतःलाच दोष देत होता. "मीच कुठेतरी चुकीचं जोडलं असेल गं मावशी," असं तो तीनदा म्हणाला होता. वीस वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काहीतरी नीट उभं केलं, आणि दुकानातल्या माणसाने एका वाक्यात त्याच्या हातावरचा त्याचा विश्वास काढून घेतला.

बदली जोडी एकोणीस दिवसांनी आली. तोवर मित्राकडून आणलेल्या आठ जीबीच्या एका स्टिकवर त्याने काम ढकललं. जुन्या ड्रॉइंग फाइल एकेक उघडून तपासल्या. त्यातल्या तीन उघडल्याच नाहीत, त्या पुन्हा काढाव्या लागल्या. त्यानंतर, अगदी शेवटी, त्याने विंडोज नव्याने टाकली. तेव्हा ती टाकणं योग्य होतं.

कुरियर संध्याकाळी आला. मी फोन केला तेव्हा नवी जोडी बसवून झाली होती, पेनड्राइव्ह लावला होता, चाचणीचा पहिला फेरा चालू होता. वहीत त्याने तारीख घातली होती. एका स्टिकवर आईची टिकली लावली होती, या वेळी हिरवी.

"रात्रभर ठेवतोय," तो म्हणाला. "सकाळी सांगतो तुला."

सकाळी सात वाजता फोटो आला. एररच्या रकान्यात शून्य.